लिफ्टवालीच्या तोंडची वाक्यं

११ फेब्रुवारी, रविवार

नवरा म्हणाला, "तुझं गाऱ्हाणं ऐकतो, पण ती माझी सख्खी बहीण आहे हे लक्षात ठेवून बोल." म्हणजे ऐकणार नाही. म्हणून ही वही काढली.

झालं ते एवढंच की आज धाकटी माझ्याबरोबर आली आणि माझ्या जागेवर बसली.

चष्म्याच्या दुकानामागे डोळे तपासायची अरुंद खोली आहे. एका भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, समोरच्या टेबलावर फ्यूजकाकांनी जोडलेला कम्प्युटर. दर रविवारी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा आम्ही तिघं तिथं जमतो आणि एक खेळ बनवतो. तीन वर्षं झाली. तिघं म्हणजे फ्यूजकाका, ठिपके आणि मी. फ्यूजकाका आमच्या लिफ्ट कंपनीतले निवृत्त मेकॅनिक. प्रोग्राम ते लिहितात आणि अडलं की कम्प्युटरला आईवरून सोडून सगळ्या शिव्या देतात. ठिपके या दुकानात भिंगं घासतो. चित्रं तो काढतो, एकेक ठिपका ठेवत, म्हणून हे नाव. गोष्ट आणि संवाद मी लिहिते.

खेळाचं नाव 'तळमजला'. दोनशे मजल्यांची एक इमारत, तेच सगळं शहर. वरच्या लोकांचे डोळेसुद्धा कंपनीने बसवलेले, कंपनीची मर्जी फिरली की दिसणं बंद. खाली जुन्या वायरी, गंजके पंखे, आणि माणसांच्या आठवणी कॅसेटमध्ये भरून विकणारे फेरीवाले. त्यांतून एक लिफ्टवाली एका म्हाताऱ्याची हरवलेली आठवण शोधत वर चालली आहे. काकांची अट एकच: लोकांनी माळ्यावर टाकलेल्या जुन्यात जुन्या कम्प्युटरवर खेळ चालला पाहिजे. म्हणून रंग सोळाच, आणि संवादाची पट्टी दोन ओळींची, ओळीत अडतीस अक्षरं. अक्षरंही काकांनी स्वतः घडवली. 'ज्ञ' वर पंधरा दिवस गेले. जूनच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये हौशी लोकांच्या खेळांचा मेळावा आहे, तिथं आम्हाला एक टेबल मिळालंय.

आता धाकटी. माझी नणंद, कोर्टात लघुलेखिका. जानेवारीत दोन बॅगा घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाली ती आमच्याकडे आली. लेक शिकायला बाहेर, तिची खोली रिकामी होती. धाकटी कोर्टातून यायची आणि भिंतीकडे बघत बसायची. मलाच कळवळा आला. म्हटलं, आमचा खेळ खेळून बघ, मन रमेल. आपल्या पायावर धोंडा माणूस आपणच पाडून घेतो तो असा.

चार दिवस खेळली. मग विचारते, "वहिनी, ही लिफ्टवाली अशी का बोलते?"

"अशी म्हणजे?"

"तेहतिसाव्या मजल्यावर कारकून लिफ्टमध्ये अडकलाय. आणि ही बाहेरून म्हणते, 'हे भयभीत जीवा, अंधार म्हणजे केवळ प्रकाशाचा विसर!' आधीच घाबरलेला माणूस, हे ऐकून दोरच कापून घेईल."

मी हसले. आज खोलीत तिने तेच काकांना सांगितलं, तेव्हा हसू आलं नाही. काका म्हणाले, "मग काय म्हणायला हवं?" आणि तिने तिथल्या तिथं एका पाकिटाच्या मागे पेन्सिलीने गिचमिड काढली, ती लघुलिपी की काय ती, आणि वाचून दाखवलं:

"लिफ्ट रुसलीये. रुसू दे तिला. तोवर खिशात काय काय आहे ते काढा बघू. एकेक. मला सांगा."

ठिपके हसला. तीन वर्षांत त्याचे दात मी आज पाहिले.

काका हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. कीव करत असावेत.

१४ फेब्रुवारी, बुधवार

बुधवारी मी घरून काम करते. कानाला यंत्र लावायचं, कंपनीच्या लिफ्टमध्ये कुणी अडकलं की फोन माझ्याकडे येतो, मेकॅनिक पोचेपर्यंत माणसाला बोलतं ठेवायचं. बावीस वर्षं हेच. आज एका दवाखान्यात एक आजोबा अडकले. रडायलाच लागले. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, खिसे रिकामे करायला लावले, रुमाल कुठल्या रंगाचा, किल्ली कशाची. ती किल्ली म्हणे विकून टाकलेल्या स्कूटरची निघाली. मग स्कूटरवरच पंचवीस मिनिटं गेली. दार उघडलं तर म्हणतात, "थांबा हो, गोष्ट संपवू द्या."

सांगायचं ते हे, की मागे वळून पाहिलं तर धाकटी दारात उभी. हातात चहा, कधीचा गार झालेला. किती वेळ उभी होती देव जाणे. आज तिची रजा होती; जानेवारीत आली तेव्हाही दोन बुधवार घरीच होती. वहिनी खरंच काम करतात की नुसती मजा, हे तपासत असणार. कोर्टातली सवय.

३ मार्च, रविवार

तेहतिसावा मजला बदलला. काकांनी पाकिटावरचं जसंच्या तसं टाकलं. वर म्हणाले, "बाई, तुमचं एक वाक्य चार पट्ट्या खायचं. हे एकीत बसतं." बसेल. रिकामं पोतं कुठंही बसतं.

तिच्यासाठी खुर्ची आणलीये. ठिपके स्वतः घेऊन आला, समोरच्या शिंप्याकडून. मी तीन वर्षं त्या स्टुलावर बसले, ज्याचा एक पाय आखूड आहे.

खरं सांगायचं तर मला कळत नाही त्यात एवढं काय आहे. ते लिहिणंच नव्हे. असं तर कुणीही बोलतं. उठता बसता मीसुद्धा बोलते. गोष्टीत माणसाने जरा उंच बोलावं, नाही तर गोष्ट कशाला लिहायची?

७ मार्च, गुरुवार

धाकटीने टॉवेलांच्या घड्या माझ्यासारख्या घातल्या. तिपदरी. कुणी सांगितलं होतं?

२४ मार्च, रविवार

आज काकांनी चहा ओतता ओतता विचारलं, "बाई, लिफ्टवालीचं सगळंच बोलणं धाकटीकडे देऊ या का? तुम्ही वर्णनं बघा, भिंतीवरच्या नोटिसा, दुकानांच्या पाट्या. ते तुम्हाला छान जमतं."

धाकटी लगेच म्हणाली, "छे, वहिनींची गोष्ट आहे. मी कशाला?"

वर आणखी हे! मला नको म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाही. म्हटलं, "द्या की. मला काय."

"नक्की ना, वहिनी?"

"एकदा सांगितलं ना!"

ठिपके मान खाली घालून एका पंख्याला गंज चढवत होता. म्हणाला, "ताई, तुमच्या नोटिसा खरंच भारी असतात." नोटिसा! कोर्टातल्या बाईने बोलायचं आणि मी नोटिसा काढायच्या. उलटा न्याय.

दोघी घरी आलो. जिन्यात तिने माझ्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पोरकटपणा आहे, मला कळतं. पण पोटात जे होतं ते वयाने मोठं होत नाही.

१३ एप्रिल, शनिवार

आठ दिवस प्रयत्न करून आज मीही 'साधं' लिहिलं. म्हटलं, हिला येतं तर मला का नाही. पाच वाक्यं झाली. नवऱ्याला वाचायला दिली, कुणाची ते न सांगता. त्याने चष्मा वर करून दोनदा वाचली.

"धाकटीने लिहिलंय?"

"मी."

"हो? तुझं वाटत नाही."

"म्हणजे चांगलं आहे की वाईट?"

"चांगलं-वाईट मला काय कळतं! पण तू फोनवर बोलायला लागलीस की मी वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकतो. हे वाचताना तसं होत नाही." आणि वर्तमानपत्र उचललं.

ह्याला काहीही विचारलं की हा तिसरंच सांगतो. वाक्यं फाडून टाकली.

१२ मे, रविवार

लिफ्टवालीची जवळजवळ साडेचारशे वाक्यं झाली. घरच्या कम्प्युटरवर धाकटी ती टाईप करते, सगळ्यांच्या फायली एकत्र करून काकांना द्यायचं काम पहिल्यापासून माझं. म्हणजे तिचं प्रत्येक वाक्य माझ्या हाताखालून जातं. काकांच्या कम्प्युटरवर जागा कमी, नवी फाईल गेली की जुनी पुसली जाते. काकांच्या भाचीने आज पूर्ण खेळ खेळून पाहिला. मध्येच रडली. मग डोळे पुसत विचारते, "ही लिफ्टवाली कुणी लिहिली?" सगळ्यांनी धाकटीकडे बोट केलं. मीसुद्धा केलं. माझं बोट पाहून धाकटी गडबडली, म्हणाली, "मी लिहिली म्हणजे काय..." पुढचं काकांच्या भाचीच्या बोलण्यात बुडालं.

नम्रपणाचं नाटक तरी करू नये माणसाने.

१ जून, शनिवार

उद्या मेळावा. लिहू की नको असं झालंय, पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार.

धाकटी सकाळी कोर्टाजवळ भाड्याची खोली बघायला गेली. नवरा झोपलेला. दुपारी दोनला काकांना पेन ड्राइव्ह द्यायचा होता. मी तिची फाईल उघडली. एक वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. मग माझी गेल्या वर्षीची फाईल उघडली. तीन वर्षं. त्यातले लेक आजारी होती ते दिवस, ऑफिसात दुहेरी पाळ्या केल्या ते दिवस. तरी रविवार चुकवला नाही. आणि हिचे चार महिने.

माझी फाईल तिच्या नावाने, तिच्यावरच साठवली. कम्प्युटरने विचारलं, आधीची पुसली जाईल, चालेल का? मी हो म्हटलं. त्याने एकदाच विचारलं.

काकांकडे गेले. घाईत होते, खेळ सुरू होतो एवढं पाहिलं आणि म्हणाले, "झक्कास."

घरी येऊन नेहमीसारख्या पोळ्या लाटल्या. ते मला आता विचित्र वाटतंय.

२ जून, रविवार

वाचनालयाच्या हॉलमध्ये वीसेक टेबलं होती. आमचं खिडकीशी. ठिपकेने दोनशे मजल्यांच्या इमारतीचं चित्र उभं लावलं होतं, लोक त्याच्यासाठीच थांबायचे. बसायचे. दुसऱ्या मजल्यापर्यंत रमायचे. मग लिफ्टवाली तोंड उघडायची.

एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "ही कीर्तन का करते?" एक गृहस्थ पट्ट्या भराभर पुढे ढकलत राहिले, तेहतिसाव्या मजल्यावर घड्याळ पाहिलं आणि "छान आहे" म्हणून उठले. छान आहे! बाराव्या माणसानंतर मोजणं सोडलं.

धाकटी चहा घेऊन आली तेव्हा पडद्यावर 'हे भयभीत जीवा' होतं. तिने पेले खाली ठेवले. वाचलं. पुढची पट्टी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं असं नाही, पण तेवढ्यात सगळं तिच्या लक्षात आलं.

काका मागून आले. "हे काय? हे जुनं कसं आलं?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण त्यातून काही निघायच्या आत धाकटी म्हणाली, "माझं चुकलं, काका. जुनी फाईल दिली गेली माझ्याकडून."

"पोरी, तीन वर्षं वाट पाहिली गं आजची," काका म्हणाले. ओरडले नाहीत. ठिपकेने चित्र काढून गुंडाळायला घेतलं. अजून दोन तास बाकी होते.

आणि मी काय केलं? गार चहा प्यायले.

४ जून, मंगळवार

धाकटी निघाली. तीच खोली घेतली. नवरा बॅगा खाली न्यायला गेला तेवढ्या पाच मिनिटांत मी विचारलं, "काकांना खरं का नाही सांगितलंस?"

ती उशीचा अभ्रा काढत होती. "सगळ्यांसमोर तुमचा चेहरा बघवला नसता मला."

"तुझ्याकडे दुसरी प्रत..."

"नाही." मग अभ्रा हातात तसाच धरून म्हणाली, "वहिनी, अठरा वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवते. साक्षीदार, वकील, न्यायाधीश. माझ्या वाक्याला त्यात जागा नसते, नसावीच. घरीही तेच होतं, तो बोलायचा. इथं पहिल्यांदा कुणी मला विचारलं, मग काय म्हणायला हवं? चार महिने मी सकाळी उठायचे ती त्यासाठी."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला आज नको सांगूस. सांगू नका." ती चुकून मला एकेरीत बोलली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

अभ्रा तिने तिपदरी घडी घालून पलंगावर ठेवला.

९ जून, रविवार

सांगितलं. चहा यायच्या आधीच, उभ्यानेच सांगितलं. फाईल मी पुसली, तिने आळ घेतला, मी गप्प बसले.

ठिपके पुढे दुकानात गेला. भिंग घासायचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. रविवारी, बंद दुकानात. तो बराच वेळ चालू होता.

काका म्हणाले, "का पण, बाई?"

"तुम्हाला तिचं आवडलं म्हणून."

"तिचं?" काकांनी चष्मा काढला. "बाई, मी सव्वीस वर्षं लिफ्टची दारं उघडली. आत माणूस रडत असेल, गुदमरला असेल, असं धरून जायचो. तुमची पाळी असली की आत काय दिसायचं माहितीये? साहेब जमिनीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात किल्ल्या, रुमाल, पावत्या ओळीने मांडलेल्या. 'त्या बाईंनी काढायला सांगितल्या,' म्हणायचे. एकाने तर मला दार परत लावायला सांगितलं होतं. धाकटीने पाकिटावरचं वाचलं तेव्हाच मी तुमच्याकडे पाहिलं. म्हटलं, हिने बाईंना बरोबर उचललंय. मला वाटलं, तुम्हालाही कळलंय आणि तुम्ही लाजताय."

मी स्टुलावर बसले.

आता जे लिहिते ते कुणी वाचू नये. पहिला विचार आला तो लाजेचा नव्हता. पहिला विचार आला: म्हणजे ते माझंच होतं! एकदम छाती भरून आली. उठून धाकटीच्या दारात जावं आणि म्हणावं, बघ, माझंच होतं. आणि मग आठवलं की ती साडेचारशे वाक्यं जगात कुठेच नाहीत, आणि ती मीच पुसली आहेत. बावीस वर्षं मी ते बोलतेय आणि मला स्वतःला कधी ऐकू आलं नाही. ती दारात चहा गार करत ऐकत उभी राहायची म्हणून ती वाक्यं झाली. बोलणं माझं असेल. ऐकणं तिचं होतं.

"ते असू दे," काका म्हणाले. "कुणाचं का असेना, तुम्ही केलंत ते वाईट केलंत. आणि ते निस्तरायचंही तुम्हीच."

२३ जून, रविवार

तिच्या दारापर्यंत गेले. आत रेडिओ चालू होता. बेल न वाजवता परतले. नवऱ्याला सांगितलं, ती घरी नव्हती.

७ जुलै, रविवार

आज बेल वाजवली. तिने दार अर्धंच उघडलं.

"माफी मागायला आलेय," म्हटलं, "आणि काम मागायला."

"कसलं काम?"

"तुझ्या वह्या असतील. लघुलिपीतल्या. तू आधी त्यांत लिहायचीस, मग टाईप करायचीस. तुझ्याशिवाय त्या कुणाला वाचता येणार नाहीत. तू सांग, मी टाईप करते. एक काना इकडचा तिकडे करणार नाही."

"आणि खेळाच्या शेवटी नाव कुणाचं?"

"लिफ्टवालीखाली तुझं. एकटीचं."

ती दाराला धरून उभी राहिली. "मी तुम्हाला माफ केलेलं नाहीये, वहिनी."

"नको करूस. टाईप तरी करू दे."

"विचार करते," म्हणाली आणि दार लावलं. आपटलं नाही, एवढंच.

२१ जुलै, रविवार

तिचा फोन आला. "या दहाला. चहा पिऊन या, इथं एकच कप आहे."

खोली लहान, स्वच्छ. टेबल, खुर्ची, खिडकीत कोर्टाची मागची भिंत. खुर्ची तिने मला दिली, स्वतः पलंगावर बसली, मांडीवर चार वह्या. पानं भरून नुसत्या रेघा, टिंबं, आकडे. तिने वाचायला सुरुवात केली, कोर्टात वाचत असेल तशी, सपाट आवाजात. मी टाईप करत गेले.

काका म्हणाले ते खरंच होतं. पहिल्या दीडशे वाक्यांत मी मला पावलोपावली भेटले. दवाखान्यातल्या आजोबांची किल्ली भेटली. 'थांबा हो, गोष्ट संपवू द्या' भेटलं. दोनदा मी हसले. तिसऱ्यांदा ती पण हसली, मग आठवून पुन्हा वहीत पाहू लागली.

दुपारी एकशे बारावा मजला आला. माझ्या गोष्टीत तिथं फक्त एक बंद दार होतं आणि त्यावर नोटीस. धाकटीने त्या दारामागे एक बाई ठेवलीये. कंपनीचे डोळे लावलेली, चांगल्या घरातली. तिला खाली यायचंय. लिफ्टवाली विचारते, खाली येऊन काय करणार?

धाकटी थांबली. पान उलटलं, परत मागे आली. मग वाचलं:

"काही नाही. कुणी 'कुठे होतीस' असं विचारणार नाही, अशा जागी जाऊन थोडा वेळ उभी राहीन."

हे मी कधी बोललेली नाही. फोनवर नाही, घरात नाही, कुठेच नाही. मला सुचलंही नसतं. तोच जुना मत्सर उठला, फेब्रुवारीत होता तसाच, तेवढाच. कमी झालेला नाही. होईल असंही वाटत नाही.

"झालं टाईप?" तिने विचारलं.

"परत एकदा सांग," म्हटलं. "'उभी राहीन' च्या आधी 'थोडा वेळ' आहे ना?"

"आहे."

मी 'थोडा वेळ' टाईप केलं. पुढे पूर्णविराम दिला. अक्षरं मोजली, पट्टीत बसत होती. म्हटलं, "पुढचं सांग."